आठ माणसांची बाटली

मन्मथअप्पांपुढं थंड्याची दोन लिटरची बाटली ठेवा आणि विचारा, "अप्पा, हिच्यात किती आहे?" ते दोन लिटर असं म्हणणार नाहीत. बाटली उजेडाकडं धरतील, एक डोळा बारीक करतील आणि सांगतील, "आठ माणसं."

सव्वा लिटरची असेल तर पाच माणसं. सहाशे मिलीची असेल तर दोन माणसं आणि एक लेकरू. अडीचशेच्या छोट्या बाटलीला तर ते बाटली मानायलाच तयार नाहीत. तिचं नाव त्यांनी 'एकलकोंडी' ठेवलंय. दुकानात ती समोर मांडलेली असली की अप्पा तिच्याकडं पाठ करून उभे राहतात आणि दुकानदाराशी मान वळवून बोलतात.

तुम्हाला गंमत वाटली असेल. वाटणारच. तुम्ही त्यांचे शेजारी नाही. मी आहे. लातुरात आमच्या दोघांच्या घरांमध्ये फक्त एक कंपाउंडची भिंत आहे आणि तीही नेमकी अप्पांना डोकावता येईल एवढ्याच उंचीची. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. ज्या गावात जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं येतात, खोल्या करून राहतात आणि दिवसरात्र फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी घोकतात, त्या गावात मराठी शिकवणाऱ्याचा जीव आधीच मेटाकुटीला आलेला असतो. त्यात शेजारी अप्पा.

अप्पा एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघायचे. कचेरी सुटली, पण आवक-जावक काही सुटली नाही. आता ते गल्लीची आवक-जावक बघतात. कुणाच्याही दारात पाहुण्यांची गाडी थांबली की गाडीचं दार उघडायच्या आत भिंतीवर अप्पांचं डोकं उगवतं.

"ओ सर, किती जण हायत?"

"चौघं आहेत, अप्पा."

"मंग सव्वा लिटरची आणा. पाच माणसाची."

"पण चौघंच आहेत."

"पाचवा मी," असं म्हणत ते फाटकातून आत आलेले असतात.

थंडा ओतायचं काम त्यांना कुणी दिलं, हे गल्लीत कुणालाच आठवत नाही. बारसं असो, वाढदिवस असो, वास्तुशांती असो, नाहीतर कुणाच्या पोरीला मेडिकलला नंबर लागलेला असो, बाटलीचं झाकण फिरणार ते अप्पांच्याच हातानं. काळा असो, पिवळा असो की पांढरा. आणि ओतायचं कसं, तर तुम्ही-आम्ही ओततो तसं नाही. प्लास्टिकच्या ग्लासाला बाहेरून वळ्या असतात ना, त्यातल्या तिसऱ्या वळीपर्यंत. केसभर वर नाही, केसभर खाली नाही. सगळे ग्लास एका ओळीत मांडायचे, सगळ्यांत ओतायचं, मग गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, टेबलाच्या पातळीला डोळा आणून बघायचं. तोवर थंडा फेसाळून वर आलेला असतो. पाहुणे हात पुढं करतात. अप्पा ओरडतात, "फेस बसू द्या!"

हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या कानांना घट्टे पडलेत. "फेस म्हंजे थंडा न्हवं, सर. फेस म्हंजे निस्ता दिखावा. फेस बसला की माल किती ते कळतंय." मग फेस बसतो. बसला की प्रत्येक ग्लास थोडा खाली गेलेला असतो. मग पुन्हा ओतायचं. पुन्हा फेस. पुन्हा वाकून बघणं. आणि शेवटचा ग्लास तिसऱ्या वळीला लागल्याशिवाय पहिला ग्लास कुणाला मिळणार नाही, कारण "आधी एकाला दिलं तर दुसऱ्याला वाटतंय की आपुन मागचे हाव."

या सगळ्या न्यायनिवाड्यात थंडा थंड राहत नाही आणि त्यातलं वारं तर कधीच उडून जातं. उरतं ते रंगीत, गोड, कोमट पाणी. आमच्या गल्लीतली लेकरं थंडा प्यायल्यावर नाकात झिणझिण्या येतात हे पहिल्यांदा मामाच्या गावाला गेल्यावर शिकतात. माझी ऋतुजा लहानपणी नांदेडला आजोळी गेली, तिथं थंडा प्याली आणि "हा खराब झालाय, चावतोय" म्हणून रडत बसली. आता बोला!

या वेडामागं अप्पांचं एक तत्त्वज्ञान आहे, आणि ते मला भिंतीवरून हजारदा ऐकवण्यात आलंय. म्हणे, पूर्वी काचेची बाटली होती. पाहुणा आला की त्याच्या हातात एक बाटली आणि एक नळी. "कलेक्टर येऊ द्या न्हाईतर हमाल येऊ द्या, बाटली तेवढीच. कुनी कमी न्हाई, कुनी जास्त न्हाई. मंग ही मोठी प्लास्टिकची बाटली आली, सर, अन् सगळा घोटाळा झाला. आता ओतणाराच्या हातात इन्साफ गेला. जावयाला काठोकाठ, ड्रायव्हरला बुडाला! माणसाची पातळी ग्लासात दिसाय लागली. ह्यो सरासर जुलूम हाय का न्हाई?"

जुलूम आहे. मान्य आहे. पण त्याची शिक्षा मला का?

आमचे एक नातेवाईक शिरूर अनंतपाळहून आले होते. वयस्कर, सज्जन गृहस्थ. अप्पांनी ग्लास पुढं केला तर म्हणाले, "मला शुगर आहे, मला नको." अप्पा म्हणाले, "प्यू नका. पन धरा."

"अहो, पिणारच नाही तर धरू कशाला?"

"धरा तुम्ही. सगळ्यायच्या हातात हाय, तुमच्याच हातात न्हाई, हे बरं दिसतंय का?"

त्या सज्जनानं एका हातात भरलेला ग्लास आणि दुसऱ्या हातात चिवड्याची बशी धरली. आता चिवडा खायचा कोणत्या हातानं? ते बिचारे पुतळ्यासारखे बसून राहिले आणि शेवटी वैतागून घटाघटा सगळा थंडा पिऊन मोकळे झाले. त्यांच्या बायकोनं बस स्टँडपर्यंत मला जे काही ऐकवलं, ते इथं लिहिता येणार नाही. आणि अप्पा फाटकातून हात हलवत होते, "या पुन्ना!"

एकदा दुपारी मी पेपर तपासत बसलो होतो. बाहेरून आरोळी आली, "सर! माणूस खाल्ला हो! माणूस खाल्ला!" मला वाटलं, कुठं बिबट्या शिरला. अनवाणीच बाहेर धावलो. अप्पा फाटकात बाटली घेऊन उभे. चेहरा लालबुंद.

"बगा. उंची तीच. पोट तेच. रंग तोच. अन् ह्ये काय लिवलंय बारीक अक्षरात?"

मी चष्मा वर करून वाचलं. पावणेदोन लिटर.

"आठ माणसं बसायची हिच्यात. आता सात. कंपनीनं आमचा एक माणूस गपकन् खाल्ला अन् कुणी हूं का चूं केलं न्हाई. कुटं गेला त्यो आठवा माणूस?"

मी म्हणालो, "अप्पा, कंपनीला विचारा." ही माझी चूक. बाटलीवर तक्रारीचा नंबर असतो. त्यांनी माझ्याच फोनवरून तो लावला, माझ्याच ओट्यावर बसून. पलीकडून एक मुलगी हिंदीत गोड आवाजात म्हणाली, "सर, आपकी क्या शिकायत है?" अप्पा आपल्या खास निजामी हिंदीत म्हणाले, "हमारा एक आदमी गायब हुआ है, बाई."

"कौन आदमी, सर?"

"आठवा."

"सर, आठवा मतलब? नाम क्या है उनका?"

"नाम कायका नाम? पहले आठ बैठते थे, अब सातच बैठते. एक आदमी तुम्हारी कंपनी ने खाया."

ती मुलगी घाबरली. म्हणाली, "सर, आप प्लीज पुलिस में कंप्लेंट कीजिए." आणि फोन ठेवला. अप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "बगा, त्यांनाच म्हाईत न्हाई कुटं गेला ते."

आता कुणाला वाटेल, एवढा हिशेबी माणूस, त्याचा अंदाज तरी अचूक असेल. नाव सोडा! माझ्या पुतण्याच्या मुलाचं बारसं होतं. हॉल खाली आणि वरच्या मजल्यावर नीटचा क्लास. किती माणसं आली ते मोजायची अप्पांची स्वतःची रीत आहे. माणसं हलतात, चपला हलत नाहीत. म्हणून ते दाराशी जाऊन चपलांचे जोड मोजतात. त्या दिवशीही मोजले आणि हातवारे करत आत आले, "सर, लई पब्लिक हाय! बाटल्या वाढवा!" क्लासच्या पोरांनी जिन्याखाली काढलेल्या चपलासुद्धा आमच्या बारशाला आल्या होत्या, हे कळलं तेव्हा अप्पांनी सगळ्या बाटल्या फोडून, ओतून, फेस बसवून ठेवल्या होत्या. हॉलभर ग्लासच ग्लास, आणि माणसं मूठभर.

तो उरलेला थंडा आम्ही पुढं कितीतरी दिवस घरात प्यायलो. शेवटी कुणाला नुसता बघितला तरी मळमळायला लागलं. आमच्याकडं बोअरचं पाणी जड, नळांवर क्षारांची पांढरी पुटं चढतात आणि कशानं निघत नाहीत. माझ्या बायकोनं, सुलभानं, वैतागून तो काळा थंडा बेसिनच्या नळावर ओतला आणि घासला, तर नळ नवा कोरा निघाला. मग सगळाच थंडा नळांना गेला. अप्पा दारात उभे राहून बघत होते. "माणसाच्या तोंडचा थंडा नळाला पाजलालाव, वैनी," एवढंच म्हणाले आणि लगेच निघून गेले.

एक गोष्ट मात्र अप्पांच्या बाजूनं सांगायलाच हवी, नाहीतर माझ्या हातून अन्याय व्हायचा. ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी आमच्या गल्लीतही टँकर यायचा. दुसऱ्या गल्ल्यांत डोकी फुटली. आमच्यात नाही. कारण टँकरच्या नळाशी अप्पा उभे. प्रत्येकाची घागर गळ्यापर्यंत, वकिलाची असो नाहीतर भांडी घासणारीची. स्वतःची घागर शेवटी, आणि ती कधीकधी कमरेपर्यंतच भरायची. त्यांच्या घागरीबद्दल ते कधी बोलले नाहीत. त्या उन्हाळ्यात त्यांनी थंड्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

पण तेव्हा महानंदाकाकू इथं होत्या. काकू म्हणजे अप्पांचं कुटुंब. नंतर मुलाला हैदराबादला मूल झालं आणि काकू तिकडं गेल्या. जाताना म्हणाल्या, "पोरगं चालाय लागलं की येते." पोरगं चालायला लागलं. पळायला लागलं. शाळेत जायला लागलं. मग दुसरं झालं. मी एकदा फोनवर काकूंना स्पष्टच म्हणालो, "काकू, तुम्ही या बघू. अप्पांनी गल्लीला बेजार केलंय." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तितं हाव तुम्ही सगळे, म्हणून तर मला घोर न्हाई." म्हणजे बघा, त्यांचा घोर गेला आणि तो आमच्या अंगणात येऊन पडला!

अशात ऋतुजाचं लग्न ठरलं. लातूरजवळच्या मुरुडचं स्थळ, माणसं चांगली. साखरपुडा आमच्याकडं, लातूरला. ही बातमी मी सुलभाला धड सांगतोय तोच भिंतीवरून आवाज आला, "सर, पोरीच्या बारशाचा थंडा माझ्या हातचा होता. साखरपुड्याचाबी माझ्याच हातचा."

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. अप्पांनी ते हो धरलं. त्या दिवसापासून ते रोज भिंतीवर. आज किती जण ठरले? मुरुडवाले किती? त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर धरला का? न्हाई धरला? धरा त्याला! ग्लास कुठले आणणार? वळ्यावाले आणा, ते बिनवळ्याचे नकोत, अन् बूड वर चढवलेले तर अजिबात नकोत. एकदा तर मी पाहिलं, अप्पा आपल्या अंगणात नुसत्या पाण्यानं भरलेली बाटली घेऊन ओट्यावर मांडलेल्या ग्लासांत ओतत होते. तालीम! माझी खात्री आहे, लग्न ठरलेल्या मुलीच्या बापाला इतकी काळजी नव्हती.

मला मात्र वेगळीच काळजी. मुरुडचे व्याही येणार, आणि त्यांच्यापुढं हा माणूस वाकून फेस बसायची वाट बघत बसणार. मी माझं गाऱ्हाणं नांदेडच्या मेहुण्याजवळ सांगितलं. दिलीप नांदेडला लग्नकार्यांची कंत्राटं घेतो, मंडपापासून मेंदीपर्यंत. म्हणाला, "दाजी, टेन्शन कामून घेऊन राहिले तुम्ही? थंड्याचं माझ्याकडं लागलं."

साखरपुड्याच्या दिवशी अप्पा सगळ्यांच्या आधी हॉलवर हजर. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, नखं काढलेली, खांद्यावर स्वच्छ पंचा. येऊन बघतात तर टेबलच नाही. कोपऱ्यात बर्फाच्या टबात छोट्या छोट्या सीलबंद बाटल्या. एकलकोंड्या. शेकड्यानं.

"काका, आज तुम्ही मस्त बसून राहा," दिलीप म्हणाला. "एका माणसाला एक बाटली. फोडा अन् प्या. तुमची पातळीबितळी सगळी कंपनीनंच करून पाठवली."

मीही घाईघाईनं म्हणालो, "अप्पा, शेवटी तुमचंच खरं झालं की. काचेच्या बाटलीसारखंच. सगळ्यांना सारखं."

अप्पांनी एक बाटली उचलली. उजेडाकडं धरली. मग म्हणाले, "हाव. बराबर हाय."

ते शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसले. पाहुण्यांनी बाटल्या घेतल्या, कुणी प्याले, कुणी तशाच पर्समध्ये टाकल्या, कुणी गाडीत बसून पिऊ म्हणून खिशात कोंबल्या. बघता बघता टबाभोवती कुणी उरलं नाही. मी जवळून जाताना अप्पा कुणाकडंही न बघता पुटपुटले, "काचेची बाटली रिकामी करून परत द्यावी लागायची. तेवढा टाइम तरी माणूस थांबायचा." मला वाटलं, झाली यांची कुरकुर सुरू. कार्य पार पडलं. जेवायच्या वेळी बघतो तर अप्पांची खुर्ची रिकामी आणि खुर्चीवर त्यांची बाटली, सीलसुद्धा न तोडलेली.

मला खरंच राग आला. सारखं मिळावं म्हणून आयुष्यभर बोंबलायचं, आणि सारखं मिळालं तर न जेवता उठून जायचं! मी सुलभाला म्हणालो, "रुसलेत. रुसू देत."

रुसले ते खरेच. भिंतीवर डोकं दिसेना. आमच्याकडं माझे साडू आले, गाडी दारात थांबली, तरी 'किती जण हायत' आलं नाही. सुलभानं थंडा ओतला. थंडगार, वाऱ्यासकट. पहिल्यांदाच आमच्या घरात कुणाच्या तरी नाकात झिणझिण्या आल्या. आणि माझ्या साडूंनी शेजारच्या ग्लासाकडं बघून हसत हसत म्हटलं, "आम्हाला अंमळ कमीच आलेला दिसतोय." ते हसत होते, पण रात्री जेवताना त्यांनी तेच पुन्हा म्हटलं. साडूंचं ते तुम्हाला माहीत असेलच, ते पुढं दहा वर्षं म्हणतील.

मग लग्नपत्रिका छापून आली. पहिली देवाला आणि दुसरी शेजाऱ्याला, ही आमची रीत. संध्याकाळी मी पत्रिका घेऊन अप्पांकडं गेलो. मनात तयारी करून गेलो होतो, की चांगलं खडसावायचं. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या घरात असा क्वचितच गेलो असेन. जायची वेळच यायची नाही, तेच आमच्याकडं असायचे.

अप्पा बनियनवर बसले होते. टीव्ही चालू, आवाज बंद. पत्रिका त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. मी हात-तोंड धुवायला बेसिनशी गेलो तर नळ असा लखलखत होता की त्यात माझं तोंड दिसलं. मोरीतला नळही तसाच. अख्ख्या लातुरात बोअरच्या पाण्याचा एवढा चकचकीत नळ मी बघितला नव्हता.

"सर, पाणी फ्रिजातलं घ्या," ते आतून म्हणाले.

मी फ्रिज उघडला. एका डब्यात शिळं वरण, एक लिंबू, दुधाची पिशवी. आणि बाकी सगळ्या फ्रिजमध्ये मोठ्या बाटल्या. काळा, पिवळा, पांढरा. सगळ्या सीलबंद.

"अप्पा, हे काय? कुणी येणार आहे का?"

"न्हाई. आलं तर असावं."

"मग फोडा की एक. मी आलोय ना."

ते दचकल्यासारखे झाले. "दोघात? दोघात एवढी मोठी फोडून कसं चालंल, सर? वारं जाईल सगळं. माणसं लागतात हिला."

मी एक बाटली फिरवून तारीख बघितली. संपत आलेली होती. "अन् तारीख गेली की?"

"गेली की देतो ओतून बेसिनात. नवी आणतो."

मी नळाकडं बघितलं. मग त्यांच्याकडं बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "अप्पा, तुम्ही एकटे. ती छोटी आणून ठेवायची. एकलकोंडी. एकट्याला पुरते, वायाही जात नाही."

अप्पा पत्रिकेवरच्या नावांवरून बोट फिरवत होते. न बघताच म्हणाले, "ती आणली म्हंजे, आज कुणी येणार न्हाई असं आपुनच ठरवल्यावाणी होतंय, सर."

मला संताप आला. इतका आला की कानशिलं तापली. दिलीपचा आला, त्याच्या बर्फाच्या टबाचा आला, हैदराबादचा आला, तिथल्या दुसऱ्या नातवाचा आला, त्या कंपनीचा तर आलाच आला. मी तसाच तणतणत अंगणात गेलो आणि भिंतीवरून ओरडलो, "सुलभा! घरात जेवढी माणसं असतील तेवढी घेऊन इकडं ये! आत्ता!"

"काय झालं?" ती घाबरून बाहेर आली.

"काही झालं नाही! थंडा प्यायचाय!"

सुलभा आली, ऋतुजा आली. आमच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या दोन मुली पुस्तकात बोट घालून आल्या. आमच्या बोअरची मोटर दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक होता, त्यालाही मी सोडलं नाही. तो ऑइलचे हात पुसत दारातच म्हणाला, "मला नको, मी आपला अर्धाच." अप्पा म्हणाले, "आत या. अर्धाबिर्धा न्हाई इतं."

ते आता बनियनवर शर्ट चढवत होते. कपाटातून ग्लास काढले. वळ्यावाले. मग दाराशी जाऊन वाकले आणि चपला मोजल्या. सरळ झाले तेव्हा चेहरा उतरलेला.

"सहा जोड. सातवा मी. एक कमी हाय, सर."

मेकॅनिक उगाच मागं वळून बघायला लागला. मी फ्रिजमधून आणलेली काळी बाटली त्यांच्या डोळ्यांपुढं धरली आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

"अप्पा, ही पावणेदोनची आहे. हिला सातच लागतात."

त्यांनी बाटली घेतली. खिडकीच्या उजेडाकडं धरली, एक डोळा बारीक केला. बराच वेळ बघितलं.

"मंग बराबर हाय," ते म्हणाले, आणि झाकण फिरवलं.

सात ग्लास एका ओळीत. तिसऱ्या वळीपर्यंत. अप्पा गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. फेस भराभरा वर आला. ऋतुजाला कशाचंच भान नसतं, तिनं सरळ ग्लासाकडं हात नेला. मी तिच्या हातावर चापट मारली.

"थांब जरा," मी म्हणालो. "फेस बसू दे."